बारबेल आणि टेकडी : गणपतीनंतरची नोंद

गणपतीनंतर पळणं आणि वजनं यांच्या वेळापत्रकात एकच बदल केला. पायांचे जड सेट मोकळ्या दिवशी न घेता, सकाळी कसून पळतो त्याच दिवशी संध्याकाळी घ्यायचे. म्हणजे मंगळवारी सकाळी विद्यापीठाच्या आवारात किलोमीटर-किलोमीटरचे इंटरव्हल (वेगात एक किलोमीटर, मग थोडी विश्रांती, असं पुन्हा पुन्हा) आणि संध्याकाळी साडेसातला जिममध्ये स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बारबेल घेऊन बैठका. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पळणाऱ्या आमच्या कंपूला ऐकूनच घाम फुटला. "अरे, एकाच दिवशी दोन्ही? मरशील!" मंगळवारी रात्री जिना चढताना कठडा धरावा लागतो, हे कबूल. पण बुधवार अख्खा मोकळा मिळतो आणि गुरुवारी निवांत आठ किलोमीटर पळताना पाय हलके असतात. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी इंटरव्हल या जुन्या क्रमात एकही दिवस धड जात नसे.

मधले तास मला महत्त्वाचे वाटतात. पळणं आधी, वजनं नंतर. दमलेल्या पायांनी स्क्वॉट करताना वजन पाच किलो कमी करता येतं; दमलेल्या पायांनी वेगात पळायला गेलं की पाऊल कसंही पडतं.

"पळण्याने ताकद जाते" म्हणणारे जिममध्ये पैशाला पासरी भेटतात. या भीतीचं मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 सालच्या प्रयोगात आहे. दहा आठवडे एक गट फक्त वजनं उचलत होता, दुसरा फक्त दमसासाचा व्यायाम करत होता, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्यासारखीच वाढली, मग अडली आणि शेवटी घसरली. पण ती माणसं आठवड्यातले पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरकस दमसास करत होती. ऑफिस आणि चांदणी चौकाची वाहतूक सांभाळून आपल्यातलं कोण एवढं करतं? मला त्याहून लीना पाव्होलाइनेन आणि सहकाऱ्यांचा 1999 सालचा फिनलंडमधला प्रयोग जवळचा वाटतो. एकूण तास तेवढेच ठेवून धावपटूंच्या सरावातला जवळपास तिसरा हिस्सा उड्या, स्प्रिंट अशा स्फोटक व्यायामाला दिला. नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरची वेळ सुधारली, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) मात्र होता तिथेच. म्हणजे इंजिन तेच, इंधन कमी जाळायला लागलं.

आता माझे आकडे. स्क्वॉट पाच रेप्सला (सलग पाच वेळा) 70 किलोवरून 82.5 वर, माझं वजन 66 च्या आसपास स्थिर. चारच सेट, प्रत्येकात अजून दोन रेप्स निघतील इतपत दम शिल्लक ठेवून. पंधरा-वीस रेप्सचे सेट बंद केले. त्यांनी मांड्या तीन दिवस ठणकतात आणि ताकद फारशी वाढत नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) फक्त शुक्रवारी, तीही हलकी, कारण रविवारच्या लाँग रनला कंबर कुरकुरलेली नको. दहा किलोमीटरचा पेस किलोमीटरला 5:50 मिनिटांवरून 5:38 झाला. यात पावसाळा सरून हवा निवळल्याचा वाटाही आहेच.

खरा फरक वेताळ टेकडीच्या उतारावर कळला. पाऊस थांबला की तिथल्या वाटेवर सुटा मुरूम राहतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा किंचित वाकून वजन झेलतो, आणि तेवढ्यात पायाखालचे खडे सरकतात. तिसऱ्या फेरीपर्यंत माझ्या मांड्या थरथरायच्या, मग मी टाचा रोवत, ब्रेक लावत यायचो. आता तिसऱ्या फेरीतही पावलं लहान आणि झपाझप पडतात. याचं श्रेय मी स्क्वॉटपेक्षा बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटला (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर बैठक) देईन, विशेषतः तीन आकडे मोजत सावकाश खाली जाण्याला. पोटऱ्यांसाठी गुडघा वाकवून, बसून काफ रेझ (टाचा उचलणं). पळताना सोलियस या पोटरीतल्या आतल्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि उभ्याच्या काफ रेझमध्ये तो स्नायू तेवढा एकटा सापडत नाही.

नवरात्रात उपासामुळे थोडी पंचाईत झाली. साबुदाण्याची खिचडी पळायला झकास, पण स्नायूंच्या दृष्टीने तिच्यात दाण्याचं कूट सोडलं तर काही नाही. दही, पनीर आणि दाण्याच्या आमटीवर भागवलं. आईचं म्हणणं, उपास करायचा तर जिम तरी सोड.

डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनच्या आधीचे दोन आठवडे सेट निम्मे करणार, बारवरचं वजन तेवढंच ठेवून. शेवटचा जड स्क्वॉट शर्यतीच्या आठ-नऊ दिवस आधी. तोवर संध्याकाळी स्क्वॉटचा रॅक मोकळा मिळाला पाहिजे. सध्या तिथे बायसेप्स कर्ल चालू असतात.