नागपूरचं ऊन आणि तिथली कापडं-भांडी

एप्रिल सरताना नागपूरला जाऊ नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी मुद्दाम तेव्हाच गेले. हल्ली घरसामानाच्या दुकानांत निसर्ग फार दिसतो: उशांच्या अभ्र्यांवर पानं, कपबश्यांवर ढग, टेबलक्लॉथवर पावसाचे थेंब. मला आवडतं ते, माझ्या चिपळूणच्या घरातही आहे. पण खुद्द हवामानानं घडवलेलं कापड आणि भांडं पाहायचं, तर जिथं हवा टोकाची असते तिथंच जायला हवं.

नागपूरच्या महाल भागात मावशीकडे उतरले. पहिला धक्का माठानं दिला. आमच्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी जेमतेम गार होतं. इथलं दातांना लागलं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. कोकणची हवा आधीच ओलीचिंब, ती आणखी ओल कुठून घेणार? नागपूरची कोरडी हवा मात्र माठाचा ओलावा भराभर पिऊन टाकते. खिडकीतल्या कूलरच्या ताट्याही याच हिशेबावर चालतात. मावशीच्या कूलरला वाळ्याची ताटी होती. दुपारी पडद्याआडून तो वास आला की बाहेरचे त्रेचाळीस अंश खरे वाटत नाहीत.

"बाप्पा, एवढ्या उन्हात कुठं जाऊन राहिली तू?" म्हणत मावशीनं डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिला आणि मी गांधीबागेच्या कापड बाजारात गेले.

तिथं एका जुन्या दुकानात काकांनी टसरचा, म्हणजे रानातल्या रेशमाचा, तागा उलगडला. मधासारखा, किंचित धुळकट रंग. "ताई, हा रंग आम्ही नाही दिला, अळीनंच दिलाय," ते म्हणाले. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ही अळी उघड्यावर वाढते. तुतीच्या रेशमासारखं तिला छपराखाली, सुपात ठेवून पाला घालता येत नाही. पावसाळा लागला की अळ्या झाडांवर सोडायच्या आणि मग पाखरं, मुंग्या यांच्यापासून राखत बसायचं. ढिवर समाजातली कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. पाऊस फार झाला किंवा मध्येच ताणला, तर पीक हातचं जातं. कोष फांदीला देठानं लटकतो, एखाद्या फळासारखा. त्यातून निघणारा धागा कुठं जाड, कुठं बारीक असतो. कापडावर बोट फिरवलं की त्या गाठी लागतात. मला तरी हे कापड गुळगुळीत रेशमापेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

याच टसरची करवती साडी विदर्भाची ओळख आहे. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथं भिडतात तिथं करवतीसारखे दाते. त्यासाठी मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवावे लागतात, म्हणून माणसाचा वेळ फार जातो. आता हाच काठ घेऊन टेबलावरच्या पट्ट्या आणि उशांचे अभ्रे होतात. पट्टी मी लगेच घेतली. पडदे मात्र कुणी घेऊ नयेत असं माझं मत, निदान पश्चिमेच्या खिडकीला तरी. थेट उन्हात रेशीम कुजतं. घ्यायचेच झाले तर आतून सुती अस्तर लावून घ्या.

गांधीसागर तलावाजवळ आता मॉल आहे तिथं पूर्वी एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. कापूस शेजारीच पिकणारा, पण कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तटातट तुटतं. म्हणून गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली होती. हातमागवाल्यांनी ते आधीच जमिनीत खड्डा करून साधलं होतं. खड्डामागावर ताणा, म्हणजे उभे धागे, जमिनीलगत राहतो, तिथली ओल सुताला मिळते.

शेवटची खरेदी पत्रावळींची. पळसाची फुलं गळून गेली की याच दिवसांत नवी पानं येतात. इतवारीच्या बाजारात साच्यात दाबलेल्या, प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या पत्रावळींचे ढीग होते. त्या मला नको होत्या. विचारत विचारत हातानं काड्यांनी टाचलेल्या मिळाल्या. बाईंनी शेकड्याचा जो भाव सांगितला तो ऐकून घासाघीस करायला जीभ वळली नाही. एक पत्रावळ टाचायला किती पानं वेचावी लागतात ते समोरच दिसत होतं. घरी आणल्यावर मावशीनं त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. या हवेत पान कडक होऊन तडकतं, म्हणून वाढण्याआधी पाण्याचा हबका मारायचा आणि वरणाचं आळं भाताच्या मधोमध करायचं, कडेला नाही.