वागळे इस्टेटमधली १९६८ ची शेड आम्ही पाडली नाही – माझा अनुभव

आमच्या शेडचं काम गेल्या वर्षी झालं आणि तेव्हापासून ओळखीतले खूप जण विचारतायत की कोणाला दाखवलं, परवानग्या काय लागल्या, जुन्या पत्र्यांचं काय केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. लांब होईल, पण ज्यांच्या घरात "पाडायची की ठेवायची" हा वाद चालू आहे त्यांनी वाचाच.

शेड बाबांची, १९६८ सालची. ठाण्याची वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची (सरकारी औद्योगिक महामंडळाची) सुरुवातच, १९६२ मध्ये एमआयडीसी उभी राहिली ती इथूनच, आणि बाबांनी त्या काळात प्लॉट घेऊन प्रेस शॉप (पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं वर्कशॉप) टाकलं होतं. नंतर ते बंद झालं, मग एका पार्टीला भाड्याने दिली, ते सोडून गेले आणि शेड नुसती पडून. मी आणि माझा भाऊ मशिनरी पॅकिंगच्या लाकडी पेट्या बनवतो, आमचा गाळा भिवंडीला पूर्णा साइडला होता, भाडं दरवर्षी वाढतंय आणि आमचं निम्मं कस्टमर ठाणे-मुलुंडचं. म्हणून म्हटलं स्वतःची जागा आहे तर तिथेच जाऊ. आजूबाजूला रोड नंबर २२ आणि १६ कडे बघितलं तर सगळ्या काचेच्या बिल्डिंगी झाल्यात, आम्हालाही पाडून बांधायच्या ऑफर होत्याच. नातेवाईक तर सरळ म्हणायचे, कशाला त्या सांगाड्यात पैसे घालताय.

पण सांगाडा कसा आहे हे बघितल्याशिवाय ठरवायचंच नाही असं आमचं दोघांचं पक्कं होतं. आणि माझं आजही हेच म्हणणं आहे की पहिला पैसा तपासणीवर घाला, रंगावर नाही आणि पत्र्यावर पण नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमनी पहिल्या भेटीत छताकडे बघितलंच नाही. त्या सरळ कॉलमच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आधी इथली लादी फोडा." लोखंडी कॉलम जिथे जमिनीत जातो ना, तिथे वर्षानुवर्षं धूळ, ऑइल, पाणी साचून राहतं आणि बरोब्बर फ्लोअर लेव्हलला लोखंड खाल्लं जातं, वर बघितलं तर कॉलम एकदम धडधाकट दिसतो. ब्रेकरने प्रत्येक कॉलमच्या भोवती फोडून बेस प्लेट उघड्या केल्या. बहुतेक चांगल्या निघाल्या, मागच्या भिंतीकडचे दोन कॉलम मात्र फ्लँजला (कडेच्या सपाट पट्टीला) पापुद्रे सुटलेले, कारण वरची पन्हाळ तिथेच गळत होती. मग अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजली, ते छोटंसं यंत्र असतं, गंज घासून थोडं जेल लावायचं आणि टेकवायचं की आकडा येतो. पुढच्या ऑफिसचा स्लॅब आरसीसीचा, त्याला हातोड्याची टेस्ट आणि यूपीव्ही (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून करतात ती तपासणी) केली, आणि एका ठिकाणी काँक्रीट जरासं फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारला. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं. आमचं वरचा थर पांढराच राहिला आणि आत सळईजवळ गुलाबी झालं, म्हणजे सळई अजून सुरक्षित होती. भाऊ म्हणाला हा एक फवारा बघायला मिळाला तेवढ्यात फी वसूल.

कैच्या म्हणजे ट्रसेस तर इतक्या चांगल्या की मॅडम स्वतः खूश झाल्या. एका बीमचा रंग खरवडला तर वेबवर (बीमच्या मधल्या उभ्या पट्टीवर) उठावाची अक्षरं निघाली, टिस्को, म्हणजे टाटांची पोलाद कंपनी. बाबांना फोटो दाखवला तर त्यांनी मोबाइल हातात घेऊन झूम करून करून बघितला आणि म्हणाले तेव्हा स्टील मिळवायला काय खटपट करावी लागायची तुम्हाला नाही कळणार. शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं आहे, नॉर्थ लाइट म्हणतात त्याला, उभ्या बाजूला काचा आणि त्या उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे दिवसभर उजेड येतो पण थेट ऊन फारसं आत येत नाही. हे असलं आता कोणी बांधत नाही. ते ठेवायचंच हे त्या दिवशी ठरलं.

आता मुख्य भाग, छप्पर. साधारण साडेसात हजार स्क्वेअर फूट, सगळे जुने सिमेंटचे पत्रे. सिमेंटचे म्हणतो आपण, पण त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत असेल तोवर फारसा त्रास नाही, पण तो फोडला, कापला, आपटला की त्याचे तंतू हवेत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फुफ्फुसात गेले की आजार बाहेर यायला २०-३० वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितल्या होत्या त्या ह्याचसाठी. आपल्याकडे पत्र्यावर बंदी नाही त्यामुळे कोणाला काही वाटतच नाही. पहिला काँट्रॅक्टर आला तो म्हणाला, मॅडम आपण वरून पत्रे खाली टाकू, दोन दिवसात छत मोकळं, चांगले निघतील ते झोपडपट्टीत विकले जातात आणि तुकडे भरणीला टाकू कुठेतरी. मी त्याला तिथेच नको म्हटलं. आमच्या छपराचे तुकडे खाडीच्या कडेला पडणार आणि तिथे पोरं खेळणार, हे मला चालणार नव्हतं, आणि वर चढणाऱ्या पोरांनाही बेल्ट नाही, मास्क नाही, काही नाही.

दुसरं असं की हे पत्रे जुने झाले की पाय ठेवला की फुटतात. शेडच्या छपरावरून पडून माणसं जातात ती बरीचशी अशीच, नुसती कडेवरून नाही, पत्र्यातून आरपार. त्यामुळे आमच्या फॅब्रिकेटर चाचांबरोबर (हे शेवटी मिळाले, मुंब्र्याचे, सोन्यासारखा माणूस) लेखीच ठरवलं की आधी कैच्यांच्या खालून पूर्ण बेमध्ये (बे म्हणजे शेडचा एक खण) सेफ्टी नेट, परलिनवर (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडांवर) फळ्या टाकून फळ्यांवरूनच चालायचं, प्रत्येकाला फुल बॉडी हार्नेस आणि लाइफलाइन. पत्रा ओला करायचा, पाण्यात थोडं साबणाचं द्रावण टाकून फवारा, ग्राइंडर अजिबात नाही. जे-हुकचे (पत्रा परलिनला धरणाऱ्या आकड्यांचे) नट गंजून जाम झालेले, ते बोल्ट कटरने तोडायचे, आणि पत्रा अख्खाच्या अख्खा दोरीने खाली. खाली दोन माणसं तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारून रचायची. वेळ खूप लागला, पैसेही जास्त गेले. पण एकही माणूस जखमी झाला नाही आणि मला त्या सगळ्या कामात सगळ्यात जास्त समाधान ह्याचंच आहे.

हा कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे हॅझार्डस वेस्टमध्ये येतो, आपल्या भागासाठी तळोज्याला त्याची लँडफिल आहे. आधी तिथली मेंबरशिप, मग नोंदणीची गाडी, बरोबर मॅनिफेस्टचा कागद (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद), तिकडे वजन करून पावती. छोट्या माणसाला हे सगळं फार किचकट वाटतं, कारण ते कारखान्यांना डोळ्यासमोर ठेवून बनवलंय, एकदाच छप्पर काढणाऱ्याला कुठे फोन करायचा हेही कोणी सांगत नाही. मला विचाराल तर एमआयडीसीतल्या असोसिएशननी हे एकत्र करायला पाहिजे, चार-पाच शेडचे पत्रे एका वेळी गेले तर खर्च निम्म्यावर येईल. आमचे साधारण दहा टन भरले.

आणि ह्या दहा टनाची एक गोष्ट मॅडमनी सांगितली नसती तर आम्हाला कधी कळलीच नसती. नवीन कलर कोटेड पत्रा अर्धा एमएमचा, सगळ्या छपराचा मिळून साडेतीन टनाच्या आसपास. आपल्याला वाटतं वजन कमी झालं, चांगलंच झालं. पण वाऱ्यात छप्पर वर खेचलं जातं, आणि इतकी वर्षं ते खाली धरून ठेवायला जुन्या पत्र्याचं वजनच होतं! मुंबईच्या पट्ट्यासाठी बांधकामाच्या कोडमध्ये वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून परलिन आणि कैचीचे जोड नव्याने वेल्ड न करता क्लीट (अँगलचे छोटे तुकडे) लावून बोल्ट केले, शेवटच्या बेमध्ये क्रॉस ब्रेसिंग (तिरके आधार) वाढवलं, पायाचे बोल्ट तपासून कमी पडत होते तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के बसवतात ते बोल्ट) टाकले, आणि कडेच्या पत्र्यांना स्क्रू जवळजवळ. नुसता पत्रा बदलणारे हे कोणी करत नाहीत. कृपया करा.

त्या दोन खराब कॉलमना दोन्ही बाजूंनी प्लेटा मारल्या, पायाशी काँक्रीटचा उंचवटा केला म्हणजे परत पाणी साचायला नको. गंज काढायला ब्लास्टिंग केलं पण रेती वापरू दिली नाही, रेतीच्या धुळीने सिलिकोसिस होतो, कॉपर स्लॅग मागवला. त्यावर झिंकवाला प्रायमर, मग इपॉक्सी, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. प्रॉपर्टी टॅक्स पालिकेत भरतो म्हणून बरेच जण प्लॅन घेऊन पण पालिकेत जातात, पण एमआयडीसीच्या हद्दीत प्लॅन पास करणारी एमआयडीसीच, फायरची एनओसी पण त्यांचीच. आर्किटेक्टने ऑनलाइन टाकलं. आमच्या जुन्या नकाशात नसलेली एक पत्र्याची पडवी बाजूच्या मोकळ्या जागेत होती, आधीच्या भाडेकरूने काढलेली, ती पाडावी लागली आणि ते योग्यच होतं, फायरची गाडी मागे जायची कशी नाहीतर. आमचं तर सगळं लाकूड, त्यामुळे टाकी, पंप, हायड्रंट सगळं आलं. काम झाल्यावर लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म ए (फायरची यंत्रणा बसवल्याचा दाखला), आणि पुढे दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी (ती चालू स्थितीत असल्याचा). लीज ९५ वर्षांची असते, ती किती उरलीय हे बँक पहिल्यांदा विचारते, तो कागद आधी शोधून ठेवा.

विजेचं प्रकरण मात्र जिवाला लागलं. जुना भाडेकरू बिल थकवून गेलेला, मीटर कायमचं काढून नेलेलं, आणि नवीन कनेक्शन मागितलं तर आधी ती थकबाकी भरा. आमचा काय संबंध म्हणून भांडायच्या तयारीतच होतो, पण वकिलांनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जागेच्या नव्या ग्राहकाकडून जुनी थकबाकी मागता येते असाच निकाल दिलाय. सुदैवाने त्याच सुमाराला महावितरणची अभय योजना चालू होती, कायमचं कनेक्शन तुटलेल्यांसाठी, मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ. त्यात बसवलं. भाड्याने देताना डिपॉझिटमध्ये विजेचा हिशोब वेगळा धरा एवढंच म्हणेन.

आणि मग पाऊस. आमचं सगळं गणित जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं, मुंबईत मान्सून ११ जूनच्या आसपास येतो म्हणून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, आणि त्याआधीही मे महिनाभर वळवाचा मारा चालूच होता. शेवटची एक बे उघडी, ब्लास्टिंग केलेलं लोखंड नुसत्या प्रायमरवर. चाचा आणि त्यांची पोरं रात्रीपर्यंत थांबली, ताडपत्र्या कैचीला बांधून, सरी थांबल्या की तेवढ्यात पत्रा चढवायचा, ओल्या पत्र्यावर मात्र त्यांनी कोणाला चढू दिलं नाही, मी घाई करत होते तरी. "बेटी, छत दोन दिवसांनी होईल, पोराचा पाय नाही परत येणार." उशीर झाला तो ह्यामुळेच, आणि बरं झालं.

नॉर्थ लाइटला काचेऐवजी पॉलिकार्बोनेट लावलं, दातांच्या मधल्या पन्हाळी जुन्यापेक्षा रुंद केल्या आणि दोन्ही टोकांना जास्तीचं आउटलेट ठेवलं, कारण आपल्याकडचा पाऊस एका तासात काय करतो हे माहीत आहे. लोखंडी पत्रा तापतो आणि पावसात कानठळ्या बसतात, म्हणून खालून इन्सुलेशन घेतलं. जमिनीत जुन्या प्रेसचे मशीन फाउंडेशन होते ते बोल्ट कापून तसेच ठेवले, तेलाने भिजलेला भाग उकरून काढला, मग वरून ट्रिमिक्स फ्लोअरिंग (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने ओढून करतात ते).

आता पेट्या इथेच बनतात. एक्स्पोर्टच्या पेट्यांसाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवावं लागतं, त्या हीट ट्रीटमेंटच्या चेंबरचं काम मागच्या दोन बेमध्ये चालू आहे आणि विजेच्या वाढीव लोडचा अर्ज टाकलाय. ज्यांना फॅब्रिकेटरबरोबरची सेफ्टीची लेखी यादी हवी असेल त्यांनी सांगा, मराठी आणि हिंदी दोन्हीत केलेली आहे, तशीच पाठवते.