पॅड नाही, ऑब्लिगाटो

मी कीबोर्ड वाजवतो, आणि एका नॉर्वेजियन मेटल बँडचा अल्बम मला जुन्या हिंदी गाण्यांमुळे कळला. नागपुरात जुन्या हिंदी गाण्यांचे किती कार्यक्रम होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, सीझनमध्ये लग्नाची लॉन्स. मूळ रेकॉर्डिंगला जिथे व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसल्या होत्या, तिथे आमच्याकडे एक व्हायोलिनवाले काका आणि माझ्या कीबोर्डवरचा स्ट्रिंग्जचा टोन.

सुरुवातीला मी डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर, धरून ठेवायचो, बस्स. एकदा तालमीत काकांनी थांबवलं. "हात ठेवून काऊन बसला बे? गायक श्वास घेते तिथं बोल. गाते तिथं खालून दुसरं काही सांग." मग त्यांनी शंकर-जयकिशनची गाणी घेऊन बसवलं. त्यांचे अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे, सेबॅस्टियन डिसूझा. मुख्य चालीच्या खालून दुसरी चाल वाहते, तिला वादक मंडळी ऑब्लिगाटो म्हणतात. ती काढून टाकली तर गाणं उभं राहतं, पण त्याचा जीव जातो.

हे कानात बसल्यावरच मला एम्परर या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (किंचाळून गायचं, सुसाट ड्रमचं जड रॉक) बँडचा 'प्रोमिथिअस: द डिसिप्लिन ऑफ फायर अँड डिमाइज' हा अल्बम ऐकू आला. कॉलेजात मित्राने सीडी राइट करून दिली होती, तेव्हा तिसऱ्या गाण्यापुढे गेलो नव्हतो. ट्रिमचे ड्रम सुसाट, दोन गिटारी दोन दिशांना, वर किंचाळणं आणि कीबोर्डवर तिसरंच काही. कान कुठे टेकवावा कळेना. त्यांचा 1994चा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' मात्र पहिल्याच दिवशी आवडला होता. त्यात कीबोर्ड धुक्यासारखा पसरतो, लांबलांब कॉर्ड. आमच्या भाषेत पॅड. तो नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रीगहॉलन सभागृहात रेकॉर्ड झाला. शहराचा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा तिथेच वाजवतो.

'प्रोमिथिअस' 2001चा. सगळं संगीत आणि शब्द ईसानचे. गळा, गिटार, बास, कीबोर्ड सगळं तोच, सामोथ गिटारवर. दोनच वर्षांनी डिम्मू बोर्गिर या नॉर्वेच्याच दुसऱ्या बँडने 'डेथ कल्ट आर्मागेडन' या अल्बमसाठी प्रागचा आख्खा ऑर्केस्ट्रा घेतला. तोही मला आवडतो, आवाज भव्य आहे. पण पुष्कळदा तिथे ऑर्केस्ट्रा गिटारच्या मागे डोंगरासारखा उभा राहतो. ईसानकडे एकही खरा व्हायोलिनवाला नाही, आणि तरी त्याच्या स्ट्रिंग्ज गिटारशी वाद घालतात. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी चाल, खाली उतरते तेव्हा त्या वर चढतात, ती थांबते तिथे वाक्य पुरं करतात. 'इन द वर्डलेस चेंबर' या गाण्यातला ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा आवाज, ऐका. सजावट म्हणून आणलेला नाही, गाण्याचं वळण तोच ठरवतो. कीबोर्डवाला म्हणून सांगतो, हे दोन हातांनी सुचणं फार अवघड आहे. त्यासाठी डोक्यात चाळीस माणसं वेगवेगळी बसलेली लागतात.

रचनाही अशीच. मुखडा-अंतरा-मुखडा या सवयीने ऐकणारा इथे हरवतो. एखादी रिफ परत येते, पण तोवर तिच्याखालची साथ बदललेली असते, म्हणून ती तीच वाटत नाही. मी आता एका वेळी एकच ओळ धरतो. एकदा फक्त बास, एकदा फक्त स्ट्रिंग्ज. नऊ गाणी असं ऐकायला मला उन्हाळ्याच्या कितीतरी रात्री लागल्या, आणि कूलरच्या घरघरीत हेडफोनशिवाय गत्यंतर नव्हतं.

अल्बमनंतर बँड थांबला. पुढे पुन्हा एकत्र येऊन त्यांनी कार्यक्रम केले, पण नवा अल्बम केला नाही. सामोथ आणि ट्रिम झिक्लॉन या दुसऱ्या बँडमध्ये डेथ मेटल या गिटारप्रधान, आणखी जड प्रकाराकडे गेलेच होते, ईसान स्वतःच्या वाटेने गेला. दोन्ही ओढी या अल्बममध्ये ऐकू येतात असं मला वाटतं. गिटार एकीकडे खेचते, कीबोर्ड दुसरीकडे.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी काकांना पहिलं गाणं ऐकवलं, 'द इरप्शन'. ते हार्पसिकॉर्डने, म्हणजे पियानोच्या आधीच्या जुन्या कीबोर्ड वाद्याच्या आवाजाने, सुरू होतं. काका डोळे मिटून ऐकत होते. ड्रम आणि आवाज आल्यावर कपाळाला आठी पडली, पण हेडफोन काढला नाही. संपल्यावर म्हणाले, "इतका काऊन ओरडून राहिला तो? पण बाप्पा, खालची लाइन लिहिणाऱ्याला समजते. नोटेशन काढून आण."

तेव्हापासून काढतोय. कार्यक्रमाहून आल्यावर रात्री दीडला बसतो, दोन-दोन सेकंद मागे घेतो, पेन्सिलने लिहितो, खोडतो. हार्पसिकॉर्डचा भाग झाला. पुढे स्ट्रिंग्ज गिटारच्या पोटात शिरतात तिथे मधला एक आवाज निसटतो. काका म्हणाले रविवारी घरी ये, दोघं मिळून व्हायोलिनवर शोधू. माझ्याकडे व्हायोलिन नाही, त्यांचंच जुनं ते मला देणार आहेत.