मोगादिशू: बनादिरी वस्ती बघायला निघालात? आधी पैशांचं बोला

सोमालियाच्या किनाऱ्यावरची बनादिरी व्यापाऱ्यांची जुनी गावं, मर्का आणि बरावा, 'शंभर टक्के' दाखवतो म्हणून वाटाड्याने आगाऊ डॉलर घेतले. उतरल्यावर कळलं, गाडी मोगादिशूबाहेर जाणारच नाही. रस्ता धोक्याचा आहे, मान्य. पण पैसे घेताना तो काय गुळगुळीत होता? परत एक छदाम मिळाला नाही. बरावाच्या नावाने कुणालाही आगाऊ देऊ नका.

उरलं मोगादिशूतलं हमरवेन, बनादिरींचा जुना मोहल्ला. 'बनादिर' हे आपल्याच 'बंदर'चं अरबी अनेकवचन, शब्द मूळचा फारसी. इथले लोक स्वतःला 'रेर हमर' म्हणवतात, हमर म्हणजे मोगादिशू. पूर्वज कुठले विचाराल तर कुणी अरबस्तान सांगतं, कुणी इराण, कुणी हिंदुस्थान. एकच मूळ शोधत बसू नका, घराण्यागणिक कथा बदलते. वस्ती जुनी हे मात्र खरं: जामा मशिदीच्या मनोऱ्यावर १२३८ चा लेख आहे, फख्र अल-दीन मशीद १२६९ ची.

हे सगळं मला सोबतच्या बंदूकधारी रक्षकांच्या घाईत दिसलं. दर दहा मिनिटांनी 'चला'. मी अडून बसलो ते फक्त हातमागापाशी. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला, पावड्या खाली, धोटा हातात, काठाला पिवळा-तांबडा पट्टा. १३३१ मध्ये इथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने पुढे लिहिलं की इथलं कापड इजिप्तपर्यंत जातं. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मांजरपाट आलं आणि माग बसत गेले. फुत्याचे, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाचे, साठ डॉलर, असं वाटाड्या म्हणाला. विणकराच्या पोराने त्याच्या पाठीमागून तीन वेळा पंजा दाखवला, म्हणजे पंधरा. वीस दिले. वाटाड्या दिवसभर बोलला नाही, तेवढीच शांतता.

कोरलच्या दगडाची बरीच घरं पडकी आहेत. १९९१ च्या यादवीत या व्यापारी लोकांकडे स्वतःची हत्यारी टोळी नव्हती, त्यामुळे लूट झाली आणि कित्येक कुटुंबं मोम्बासाला पळाली. निवांत गप्पा हव्या असतील तर सरळ मोम्बासाला जा, स्वस्तही पडेल.

लिडोच्या किनाऱ्यावरचे दोन दिवस मजेत गेले. रिक्षाला इथे 'बजाज'च म्हणतात. मला पुणेकराला बसायचं होतं, रक्षकांनी बसू दिलं नाही. डॉलर कोरे आणि सुटे न्या, माझी किंचित फाटलेली वीसची नोट तीन दुकानांनी परत केली.