स्क्विडच्या लॉगची साफसफाई: अखेर पार्सरने दाखवून दिलं

स्क्विड प्रॉक्सीवर (वेबच्या विनंत्या ज्यातून जातात तो मधला सर्व्हर) ब्लॉकलिस्ट, म्हणजे अडवायच्या साइट्सची यादी, लावून झाली, अडवायचं ते अडवलं जातंय. या आठवड्यात लॉगिंगची सेटिंग्ज तपासायला बसलो, कारण लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंद, वाचवेना. माझी मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर मिनिटाला प्रॉक्सीतून एक विनंती पाठवते. म्हणजे दिवसाला १४४० ओळी नुसत्या तिच्याच. त्या वगळायला त्या मशीनच्या आयपीचा एसीएल (विनंत्या ओळखायचा नियम) करून 'अ‍ॅक्सेस_लॉग नन', म्हणजे यांची नोंद करू नको, अशी ओळ मुख्य कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) अगदी शेवटी घातली होती. तरी ओळी येतच राहिल्या.

आधी ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) मुख्य फाइल चाळली. अ‍ॅक्सेस_लॉगची एकच ओळ सापडली, तीही ननची. मग लॉग लिहिलाच कसा जातोय?

उत्तर 'स्क्विड -के पार्स'ने दिलं. ही कमांड चालू प्रॉक्सीला हात लावत नाही. फक्त कॉन्फिग वाचते आणि 'प्रोसेसिंग' या शब्दापुढे एकेक ओळ दाखवत जाते. कुठली फाइल उघडली आणि ती किती खोल आहे, तेही सांगते: मुख्य फाइल डेप्थ ०, तिच्यात इन्क्लूडच्या ओळीने जोडून घेतलेली डेप्थ १. आउटपुट नेहमीच्या स्टँडर्ड आउटपुटवर न येता स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांच्या वेगळ्या वाटेने येतं, त्यामुळे ते स्टँडर्ड आउटपुटकडे वळवल्याशिवाय ग्रेपला पाइप करून उपयोग नाही. माझा अर्धा तास यातच गेला.

त्या यादीत दिसलं की लॉग लिहिणारी ओळ कॉन्फ.डी फोल्डरमधल्या माझ्याच जुन्या फाइलमध्ये आहे, आणि ते इन्क्लूड ननच्या बरंच वर येतं. स्क्विड अ‍ॅक्सेस_लॉगच्या ओळी वरून खाली तपासतो. नन जुळलं की तिथेच थांबतो, पण त्याआधीच्या ओळीने नोंद केलेली असते. एसीएल आणि नन दोन्ही इन्क्लूडच्या वर नेले, पुन्हा पार्स केलं, मग नवी सेटिंग्ज लागू करायला 'स्क्विड -के रीकॉन्फिगर'. लॉगच्या नव्या ओळी बघायला टेल लावून दहा मिनिटं बसलो. मॉनिटरिंगची एकही ओळ आली नाही. कर्ल कमांडने ब्लॉकलिस्टमधलं एक डोमेन मागितलं, तर लगेच 'टीसीपी_डिनाइड/४०३', म्हणजे विनंती नाकारल्याची नोंद, उमटलं. बघून फार बरं वाटलं!

लॉगफाइल_रोटेट (स्क्विडने जुन्या लॉगच्या किती फाइल ठेवायच्या ते) हेही कॉन्फ.डीमध्येच सापडलं, डेबियनच्या फाइलमध्ये, किंमत ०. लॉग फिरवण्याचं, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करण्याचं काम लॉगरोटेट या वेगळ्या प्रोग्रामकडे असल्यामुळे हे बरोबरच आहे, बदललं नाही.

पार्सची एक मर्यादा ध्यानात ठेवा: लिहिलेलं तेवढंच दिसतं, डीफॉल्ट दिसत नाहीत. स्ट्रिप_क्वेरी_टर्म्स मी कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे ते ऑन आहे आणि यूआरएलमधला प्रश्नचिन्हापुढचा भाग लॉगमध्ये येत नाही. फिल्टरने एखादी विनंती का अडवली ते शोधताना तो भाग कामाला येतो, तरी मी तसंच ठेवलंय. तिथे टोकन (लॉगिनच्या गुप्त खुणा) असतात, लोकांनी शोधलेले शब्द असतात. ते माझ्या डिस्कवर साठू नयेत. शिवाय एचटीटीपीएसची कूटबद्ध वाहतूक मी उघडून बघत नाही, तिथे कनेक्टच्या (जोडणी मागणाऱ्या विनंतीच्या) ओळीत होस्ट आणि ४४३ हा पोर्ट एवढंच उमटतं.

आता लॉगफॉरमॅट, म्हणजे लॉगच्या ओळीची मांडणी. वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत येते, ती वाचता यावी म्हणून प्रत्येक वेळी डेट कमांडला द्यावी लागते. टक्का-टी-एल वापरून स्थानिक वेळेचा वेगळा फॉरमॅट लिहायला घेतलाय.