कोथरूड ते सॅन फ्रान्सिस्को, लोकरीच्या धाग्याने मोजलेलं

इथल्या नातीच्या पृथ्वीगोलाचा घेर बरोबर एक मीटर आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला 400 किलोमीटर. लेकाकडे निघायच्या आधी मी त्यावर लोकरीचा धागा ताणून बघितला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को 34 सेंटिमीटर भरला, साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. मला वाटलं होतं धागा युरोपावरून जाईल. तो गेला लडाख, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा!

माझं तिकीट मात्र लंडनमार्गे. धाग्यावर 18 अधिक साडेएकवीस सेंटिमीटर, साडेपाच जास्त, म्हणजे 2200 किलोमीटरचा वळसा. पण मध्ये पाय मोकळे होतात, आणि साठीनंतर गुडघ्यांना किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात.

आता खरे तास सांगते. विमान रात्री अडीचचं. पुण्यात लोहगावला विमानतळ असून मुंबई का, असं धाकट्या जाऊबाईंनी विचारलंच. तो हवाई दलाचा तळ, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर. पूर्ण इंधन भरलेली मोठी विमानं तिथून उडत नाहीत. म्हणून संध्याकाळी सातला शेअर टॅक्सी. ती वाकडला दुसऱ्या प्रवाशासाठी पन्नास मिनिटं थांबली. त्याची बॅग भरून व्हायची होती! पुढे खंडाळ्याच्या घाटात ट्रकांची रांग. टर्मिनलला पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि घशाला कोरड पडली होती. तुम्ही शेअर घेऊच नका. घेतलीत तर दुपारी चारलाच निघा, शनिवार-रविवार असेल तर त्याहूनही आधी.

मुंबई-लंडन दहा तास, तिथे साडेतीन तास थांबा, पुढे अकरा तास. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं, त्यामुळे अडीचला निघून त्याच तारखेला दुपारी अडीचला उतरले. घड्याळ म्हणतं बारा तास, प्रत्यक्षात साडेचोवीस. कोथरूडच्या दारापासून बत्तीस. गोळ्या चालू असतील तर दर किती तासांनी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, घड्याळावर भिस्त ठेवू नका.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनी करते, आणि बॅगाही थेट सॅन फ्रान्सिस्कोला मिळतात. तिथे कस्टम्सच्या माणसाने विचारलं, "खाण्याचं काही?" मी गोडा मसाला, चकली, मेतकूट सगळं सांगून टाकलं, त्याने मेतकुटाची पुडी नाकाशी धरली आणि हसून परत दिली. कढीपत्ता मात्र नेऊ नका, अमेरिकेत त्याला बंदी आहे. सुनेसाठी नेणार होते, लेकाने आधीच दटावलं.

येताना दोन्ही टप्पे मिळून दीड-दोन तास वाचले, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, विमानाला मागून रेटा मिळतो. ते वाचलेले तास मी मुंबईत बॅगांच्या पट्ट्यापाशी घालवले.