सर्व्हिंग चमच्यांचं कलेक्शन: नवीन भर, 1785 चा बेस्टिंग स्पून

तर मंडळी, या सीझनला जुन्या चांदीतले फक्त मोठे सर्व्हिंग चमचेच घ्यायचे ठरवलंय, ट्रे आणि सॉसबोटकडे बघायचं पण नाही (खिशाला झेपत नाहीत हे खरं कारण). आणि परवा शनिवारी पोर्टोबेलोला (लंडनचा जुन्या वस्तूंचा बाजार) एक बेस्टिंग स्पून हाती लागला, ओल्ड इंग्लिश पॅटर्न (गोल टोकाचा साधा दांडा), चांगला फूटभर लांब, मोठ्या रोस्टवर रस्सा सोडायला वापरायचे तो.

लेबलवर नुसतं 'जॉर्जियन', म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातला, एवढंच होतं. उलटा करून बघितला तर स्टर्लिंगचा (ठरलेल्या शुद्धतेच्या चांदीचा) सिंह, लंडनचं मुकुटवालं बिबट्याचं तोंड, वर्ष सांगणारं छोटं के (k) आणि बाजूला राजाचं डोकं, पण ते उठावाचं नाही, आत दाबलेलं आणि डावीकडे बघणारं! मग काय, भाव करायचं भानच राहिलं नाही. 1784 च्या डिसेंबरपासून चांदीवर औंसाला 6 पेन्स ड्युटी लागली, ती भरल्याची खूण म्हणजे हे डोकं, आणि असा खोलगट ठसा 1786 पर्यंतच चालला, नंतर उजवीकडे बघणारं उठावाचं आलं. के म्हणजे 1785-86, म्हणजे दोन्ही खुणा एकमेकींना दुजोरा देतात. नुसत्या अक्षरावर भिस्त ठेवू नका, लंडनला दर 20 वर्षांनी तीच अक्षरं परत यायची, मग फॉन्ट आणि अक्षराभोवतीच्या ढालीचा आकार बघत डोळे फुटतात.

मेकरचा, म्हणजे बनवणाऱ्या कारागिराचा, ठसा मात्र घासून गेलाय. त्यामुळेच परवडला म्हणा. हेस्टर बेटमनचं एचबी असतं तर किंमत कुठल्या कुठे गेली असती. नवरा गेल्यावर लंडनमधल्या बनहिल रोचा चांदीकामाचा कारखाना सांभाळून 1761 मध्ये स्वतःचा ठसा नोंदवणारी बाई, मान आहेच, पण तिच्या नावाखाली काहीही साधं-सुधं चढ्या भावाने खपवतात राव.

बाकी तब्येत छान. वाटीचं टोक एका बाजूने किंचित झिजलंय, वापरातल्या चमच्याचं असं व्हायचंच, टोक कापून नव्याने गोल केलेलं नाही हे महत्त्वाचं. दांड्यावर फुंकर मारून वाफ धरली, पुसलेल्या क्रेस्टच्या (घराण्याच्या कोरलेल्या चिन्हाच्या) रेघा कुठे दिसल्या नाहीत, अंगठ्याला पातळपणाही लागला नाही. हे दुकानातच करायचं, लाजायचं नाही.

साफसफाई म्हणजे कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, बस्स. डिपमध्ये (चांदी चकचकीत करायच्या तयार द्रावणात) बुडवला की नक्षीच्या रेघांतला काळेपणा पण जातो आणि चमचा मेल्यासारखा दिसतो. ठशांवर पॉलिश अजिबात घासू नका. आणि रबरबँड लावून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, रबरातला गंधक चांदीवर काळा पट्टा ओढतो, तो सहज निघत नाही.

बेरी स्पून्सबद्दल विचारतात लोक, मी घेत नाही. बरेचसे साधे जॉर्जियन टेबलस्पून असतात, व्हिक्टोरियन काळात त्यावर फळं ठोकली आणि वाटीला सोन्याचा मुलामा दिला, ठसे खरे पण नक्षी नंतरची. टेबलावर छान दिसतात, ज्याला आवडतं त्याने घ्यावं.

पुढे फिश स्लाइस (मासा वाढायचं जाळीदार चपटं उलथणं) बघणार आहे. जाळीत तडे आणि सोल्डरचे डाग असतात म्हणून भिंग लागेलच. कोणाकडे आत दाबलेलं डोकं असलेली सॉस लेडल असेल तर ठशांचा फोटो दाखवा, फक्त फ्लॅश मारू नका, काही दिसत नाही मग.